गोडीचा आकडा

परवा सकाळी मागचं दार उघडलं तर समोरचा ऊस दिसत नव्हता. धुकं पार अंगणातल्या रांजणापर्यंत आलं होतं आणि फडातून पानांना पानं घासल्याचा आवाज तेवढा येत होता. पौष लागला की निमगाव साव्याला दोन-तीन आठवडे असंच चालतं. दहा वाजेपर्यंत रस्त्यावरच्या माणसाचा आधी खोकला ऐकू येतो, मग माणूस दिसतो. मी दारातच उभी राहिले. तीन वर्षांपूर्वीची थंडी अशीच होती. त्या थंडीपासून धुक्यात कुणी खोकलं की मी लगेच हाक मारत नाही. आधी माणूस दिसू देते.

मी घरी बिअर करते. आमच्याकडं हे असं सरळ सांगता येत नाही. शेजारच्या बायकांनी विचारलं तर मी नाचणीचं सत्त्व काढतेय म्हणून सांगते, आणि ते अगदीच खोटं नसतं, कारण जवाच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवात, मी तशीच केलेली थोडी नाचणी घालते. सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, पुण्यात एका लहानशा ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत आठ वर्षं काढली. ती बंद पडली त्याच सुमारास सासूबाई गेल्या. नवऱ्याची नोकरी चाकणला, तो शनिवारी येतो. मामा एकटे पडले होते, म्हणून मी इथं आले. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. हाताला काम नव्हतं, तेव्हा मागच्या पडवीत शेगडी मांडली, पंचवीस लिटरचं पातेलं आणलं आणि घरापुरती बिअर करायला लागले.

मला वाटलं होतं मामा रागावतील. पहिल्या दिवशी ते पडवीत आले, पातेल्यात डोकावले, आणि काही न बोलता आत गेले. बाहेर आले ते हातात कापसात गुंडाळलेली काचेची नळी घेऊन. ते साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होते. उसाचा रस किती गोड आहे हे त्यांनी आयुष्यभर त्या नळीनं मोजलं होतं. तळाशी शिसं भरलेली ती नळी रसात सोडली की तरंगते. रसात साखर जास्त असेल तर वर उचलली जाते, कमी असेल तर खाली बसते, आणि काठाशी जो आकडा दिसतो ती रसाची गोडी.

"तुझं पण हेच की," मामा म्हणाले. "फक्त तुमच्यात पुढं कडू घालतात."

खरं तर एवढंच असतं. भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजवायचा, गोड रस निथळून घ्यायचा, तो तासभर उकळायचा आणि उकळताना हॉप्स घालायचे, मग गार करून यीस्टनं आंबवायचा आणि बाटल्यांत भरायचा. हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं, माझ्याकडं येतात ती दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात. दिसायला गुरांच्या गोळी पेंडीसारख्या, वासाला वाळलेल्या गवतासारख्या आणि मागून ईडलिंबासारख्या. त्या जितका वेळ उकळतील तितका कडवटपणा उतरतो. माझ्या त्या बिअरला रस साडेबाराचा लागायचा आणि हॉप्स तीस ग्रॅम.

पण साडेबारा कुठं मिळायला. गावातल्या गिरणीत भरड जाड निघाली की साखर दाण्यातच राहते आणि आकडा दहावर थांबतो. तेव्हा काय करायचं हे मी पुण्यात शिकले होते. एक तर हॉप्स घालायच्या आधी रस जास्त वेळ आटवायचा, नाही तर कडू कमी करायचं. गोडी पाचव्या हिश्शानं कमी आली तर हॉप्सही पाचव्या हिश्शानं कमी, तीसच्या जागी चोवीस. पातळ रसात कडवटपणा अंमळ जास्तच उतरतो, म्हणून मी वर आणखी एक ग्रॅम काढून ठेवते. अगदी शेवटी वासासाठी टाकायच्या गोळ्यांना हात लावत नाही. मात्र हे सगळं हॉप्स पडायच्या आधी करायचं. पडल्यावर कडू परत काढून घेता येत नाही.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. रस निथळून झाला होता. मी घाईनं वाफाळता नमुना उंच भांड्यात घेतला आणि नळी सोडली. सात. माझा चेहरा पडला. मामा खुर्चीत बसले होते.

"गरम आहे अजून," ते म्हणाले. "गरम रस हलका दाखवतो. गेणू म्हणतो दहा."

गेणू कोण हे मी विचारलं नाही. मला वाटलं, कुणा जुन्या माणसाचा असा ठोकताळा असेल. नमुन्याचं भांडं गार पाण्यात ठेवलं, वीस मिनिटांनी परत मोजलं. दहा.

संध्याकाळी भाकरी वाढताना विचारलं, "मामा, हे गेणू कोण?"

"पॅनमन होता माझ्या पाळीला. साखरेचा रस उकळून दाणा पाडायचं काम त्याच्याकडं. बोटाच्या चिमटीत पाक घेऊन सांगायचा, आकडा माझ्या नळीच्या आधी."

"होता म्हणजे?"

"गेला," मामा म्हणाले आणि भाकरी कुस्करायला लागले.

पुढच्या खेपेला मामा पुढच्या ओसरीवर रस्त्याकडं तोंड करून पेपर वाचत होते. मी मागं होते, मध्ये अख्खं घर. मी अजून नमुनाही घेतला नव्हता तेवढ्यात तिथून आवाज आला, "साडेअकरा म्हणतोय." मी हसले. नमुना घेतला, गार केला, मोजला. साडेअकरा. तेव्हा काही वाटलं नाही. नंतर पातेलं घासताना हात थांबले.

माझ्यासारख्या प्रयोगशाळेतल्या बाईनं जे करायचं तेच मी केलं, परीक्षा घेतली. एकदा मामा आंघोळीला गेले असताना दोन तांबे पाणी रसात ओतलं. कुणाला सांगितलं नाही. मामा पंचानं डोकं पुसत पडवीत आले आणि खुर्चीत बसले. मग नेहमीसारखी मान डावीकडं थोडी खाली झुकवून ऐकल्यासारखं केलं. आपल्यापेक्षा ठेंगण्या माणसाचं बोलणं ऐकताना आपण झुकतो, तशी. आणि म्हणाले, "पाणी घातलंस का सुनबाई? गेणू हसतोय." मग म्हणाले, "तो फारसा हसायचा नाही."

भर दुपार होती. पडवीत ऊन होतं, शेगडीचा आवाज होता, पलीकडं पाण्याची मोटर चालू होती. माझ्या हातावर काटा आला आणि बराच वेळ गेला नाही.

समजूत घालायला कारणं पुष्कळ होती. तीस वर्षं रस उकळताना ऐकलेला माणूस. पातळ रस वेगळा खदखदतो, घट्ट वेगळा. वाफेच्या वासानंही कळत असेल. कानानं, नाकानं कळलेलं मन एखाद्या ओळखीच्या माणसाच्या तोंडी घालत असेल. मी स्वतःला हे सगळं सांगायचे, आणि तरी त्या डावीकडच्या जागेत पाट किंवा बादली ठेवायचं टाळायचे. मामांच्या खुर्चीजवळून जायचं झालं तर उजवीकडून जायचे. असं कधीपासून करायला लागले ते माझ्याही लक्षात आलं नाही.

बिबट्याची भीती असते म्हणून उसाच्या काठाशी आमच्याकडं सगळेच मोठ्यानं बोलतात, मोबाइलवर गाणी लावतात. मी नाही लावायचे. मला मामांचं अर्धं बोलणं ऐकायचं असायचं. ते बोलायचे, थांबायचे, "हं" म्हणायचे, परत बोलायचे. मधल्या थांबण्यात काय असेल याचा मी अंदाज करायचे. कधी कधी अंदाज इतका नेमका जुळायचा की मी उठून आत जायचे.

पौषात समोरचा फड तुटायला लागला. टोळी आली, कोयत्यांचे आवाज सुरू झाले, गाड्या भरून जायला लागल्या. त्या गडबडीत मी एक बॅच लावली. मामांना खुर्चीत डुलकी लागली होती. रस उकळायला लागला, आणि मोजायचं सोडून मी सरळ तीस ग्रॅम हॉप्स आत टाकले. फेस वर आला, खाली बसला. मामा दचकून जागे झाले.

"थांब. नऊ म्हणतोय."

"टाकले मामा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा एवढा पांढरा झाला की मी शेगडी बंद करून त्यांना आधी पाणी दिलं. नंतर मोजलं. आटून थोडं घट्ट झालं असेल नसेल, नऊच होतं.

तीन-चार आठवड्यांनी, माघात, त्यातली पहिली बाटली उघडली. तोंडात धरवत नव्हती. अंगावर येणारा, जिभेच्या मुळाशी बसणारा कडूपणा, खाली टेकायला गोडी नाही. मामांनी छोटा पेला मागितला. त्यांनी तो सगळा प्यायला, हळूहळू, औषधासारखा. समोरचा ऊस तुटून गेला होता, शेत लांबपर्यंत उघडं पडलं होतं. घर एकदम रस्त्यावर आणून ठेवल्यासारखं वाटत होतं.

"मोजायच्या आधी टाकून बसलीस," ते म्हणाले. "मीही असंच केलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. तीस वर्षांपूर्वीचा हंगाम. गर्दीची पाळी होती, गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली. पॅनमधला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या बंद भांड्यातला, पाक मोजायला आला. मामांनी नमुना गार होऊ दिला नाही, गरमच मोजला. आकडा हलका आला. त्यांनी गेणूला कळवलं, अजून पातळ आहे, वाफ चालू ठेव. गेणू स्वतः प्रयोगशाळेत आला. म्हणाला, "साहेब, बोटाला घट्ट लागतंय. आकडा एकडाव परत बघा." मामा म्हणाले, "नळी खोटं बोलत नाही, तू जा." गेणू गेला. त्यानं वाफ चालू ठेवली. पाक पॅनमध्ये आवळला, पॅनचं खालचं तोंड बुजलं. ते मोकळं करताना उकळता पाक एकदम सुटला आणि त्याच्या अंगावर आला. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यातच वारला.

"अहवालात काय लिहिलं?" मी विचारलं.

"पॅनमनच्या निष्काळजीपणामुळं," मामा म्हणाले. "खाली माझी सही."

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मुलालाही नाही.

"मामा, त्यांच्या घरी कोण आहे?"

"बायको. महाळुंगे पडवळला." मग पेला खाली ठेवून म्हणाले, "तो मला त्याबद्दल काहीच बोलत नाही सुनबाई. नुसता आकडा सांगतो. दर वेळी बरोबर."

त्यांच्याकडं जाऊन येऊ म्हटलं, पण मामा यायला तयार होईनात. शेवटी मीच गेले. मंचरच्या अलीकडं उतरून वाट विचारत गेले. गेणूची बायको, ठकूबाई, अंगणात बसून कांद्याचं रोप निवडत होत्या. सत्तरीच्या आसपासच्या, उंच, हाडापेरानं मोठ्या. आत भिंतीवर फोटो होता. शेजारी उभा असलेला नवरा त्यांच्या खांद्याएवढा. मी तो फोटो पाहिला आणि उंबऱ्यावर टेकले.

सगळं सांगितलं. गरम नमुना, आकडा, सही. फक्त पडवीतलं सांगितलं नाही. ठकूबाईंचे हात थांबले नाहीत.

"मला तवाच म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात शुद्धीत व्हते तवर सांगितलं त्यांनी."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? कागूद झाला व्हता. माणसं म्हणली, गेणूचंच चुकलं. तीस वरीस म्हणत्यात." त्यांनी रोपाची जुडी बाजूला ठेवली. "तुजं मामा एकडाव आलं असतं तर बरं झालं असतं. मी वाट बगत व्हते. आकड्याचं काय न्हाई, तो कुणाचाबी चुकतो."

मग त्यांनी विचारलं, "आता का आठवलं त्यांना?"

तेव्हा मला पडवीतलंही सांगावं लागलं. सांगताना माझाच आवाज मला वेडगळ वाटत होता. ठकूबाई मात्र हसल्या नाहीत, घाबरल्या नाहीत. त्यांनी पहिल्यांदा हातातलं काम सोडलं.

"तरीच," त्या म्हणाल्या. "पाळी संपली की दुपारचं घरी यायचं, हितं उंबऱ्याशी बसायचं. गेल्यावर बी येत व्हतं. दिसायचं न्हाई, पर बसलेलं कळतं माणसाला. दिवाळीपास्नं येत न्हाईत. मला वाटलं, माजंच वय झालं, आता कळंना झालं."

मी बसले होते तो उंबरा. मी उठून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "बस बाय. न्हाईत आता."

पुढच्या आठवड्यात मी पातेलं चढवलं होतं. हॉप्स वजन करून वाटीत काढून ठेवले होते, रस निथळत होता. धुकं जाऊन ऊन पडलं होतं. ठकूबाई पुढच्या दारानं न येता बाजूनं, थेट पडवीतच आल्या. हातात कापडी पिशवी. मामा उठायला लागले. हात जोडले गेले पण वर येईनात.

"बसा," ठकूबाई म्हणाल्या.

"आकडा माझा चुकला होता," मामा म्हणाले. "सही पण माझी."

"व्हय."

एवढंच. त्यांनी माफ केलं म्हटलं नाही, मामांनी मागितलंही नाही. ठकूबाई पातेल्यापाशी आल्या, वाफेत तोंड घालून वास घेतला, वाटीतली एक हिरवी गोळी उचलून चावली आणि अंगणात थुंकली. मी चहाचं विचारलं. नको म्हणाल्या. मग त्या मामांच्या खुर्चीच्या डावीकडं वळल्या, जिथं मी काही ठेवत नव्हते तिथं, आणि रोजच्या आवाजात, थोडं वैतागल्यासारखं म्हणाल्या, "चला आता. लई दिवस झालं."

आमची पडवी अरुंद आहे. कुणी जायचं झालं तर बसलेल्यानं पाय आवरून घ्यावे लागतात. मामांनी पाय आवरून घेतले. ठकूबाई अजून जागेवरच उभ्या होत्या, मी शेगडीपाशी होते. मामांनी पाय आवरले, थोडा वेळ तसेच धरले, मग परत पसरले. त्यानंतर ठकूबाई निघाल्या.

त्या दिवशीच्या रसाचा आकडा मामांनी सांगितला नाही. मी विचारलंही नाही. हल्ली ते फार बोलत नाहीत, ऐकूही कमी येतं. खुर्चीत बसतात, माझं मोजणं बघतात. मी नमुना पूर्ण गार होऊ देते, घड्याळ लावून. आकडा कमी आला तर हॉप्स कमी करते, पाचवा हिस्सा, वर एक ग्रॅम. बिअर चांगली होते. मामा पेलाभर घेतात आणि बरी आहे म्हणतात. गेल्या तीन थंड्यांत त्यांची मान एकदाही डावीकडं झुकलेली मी पाहिली नाही. मी अजूनही उजवीकडूनच जाते. कधी कधी मोजायच्या आधी क्षणभर वाट बघते, आणि मग वाट बघितल्याची मलाच भीती वाटते.

त्या दुपारी मी ठकूबाईंना एसटीपर्यंत सोडायला गेले. उसाची जागा मोकळी झाल्यामुळं रस्ता खूप रुंद दिसत होता. त्या रस्त्याच्या एका कडेनं चालत होत्या, सावकाश, दुसऱ्या कुणाच्या चालीनं चालल्यासारख्या. मी मागं राहिले. शेजारी जायला जागा होती, पण गेले नाही.

नारायणगावची गाडी आली; तिथून त्यांना घरची गाडी धरायची होती. त्या चढल्या, दोघांच्या बाकावर आतल्या बाजूला बसल्या, खिडकीची जागा सोडून. मी खिडकीखाली उभी होते. गाडी निघायच्या आधी कंडक्टर मशीन घेऊन आला.

"नारायणगाव," ठकूबाई म्हणाल्या. "एक अर्धं, एक पुरं."

"तुमचं अर्धं झालं आजी. पुरं कुणाचं?"

"मालकांचं."

"कुठायत?"

"चढलं की आदीच."

कंडक्टरनं रिकाम्या जागेकडं पाहिलं. मग खिडकीतून खाली माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यानं मशीनवर बोट ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आजी, मालक पासष्टीच्या पुढं असतील तर त्यांचंबी अर्धंच बसतंय."

"न्हाई," ठकूबाई म्हणाल्या. "पंचेचाळीसचं हायत ते. पुरंच द्या."